वासराच्या आतड्यातील साल्मोनेला

वासरू हगवणीने मलूल होऊन पडले, की गोठ्यात पहिला संशय दुधावर जातो. माझ्या मनात मात्र साल्मोनेला येतो. या जिवाणूला अमेरिकी पशुवैद्य डॅनियल साल्मन यांचे नाव मिळाले, पण १८८५ च्या सुमारास तो शोधण्याचे प्रत्यक्ष काम केले ते त्यांचे सहकारी थिओबाल्ड स्मिथ यांनी. हे मला नेहमीच खटकते.

लहान आतड्याच्या शेवटच्या भागात पोहोचल्यावर हा जिवाणू अस्तराच्या पेशीला चिकटतो आणि सुईसारख्या सूक्ष्म नळीतून आपली प्रथिने थेट पेशीत सोडतो. ती प्रथिने पेशीला आकार देणाऱ्या ॲक्टिन या प्रथिनाच्या तंतूंची मांडणी अशी बदलतात, की काही मिनिटांतच पृष्ठभागावर झालरीसारख्या घड्या उठतात आणि जिवाणूला कवेत घेऊन मिटतात. दार फोडण्याऐवजी तो ते घरमालकाकडूनच उघडून घेतो. आत तो बहुधा पटलाच्या पिशवीत राहतो. तेथील आम्लता वाढली, की दुसऱ्या प्रकारची सुई कामाला लागते आणि त्याला गिळून पचवू पाहणाऱ्या भक्षक पेशीतही तो तग धरतो.

साल्मोनेलाचा टायफिम्युरिअम हा प्रकार उंदरात विषमज्वरासारखा अंगभर पसरतो. वासरात मात्र, माणसाप्रमाणेच, आतड्यात न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशींची गर्दी होऊन जुलाब लागतात. म्हणूनच या अतिसाराच्या अभ्यासात वासरू उंदरापेक्षा जवळचे ठरले. गोवंशाला सरावलेला डब्लिन हा प्रकार तर बऱ्या झालेल्या जनावरातही दडून राहतो, आणि धडधाकट दिसणारी गाय शेणातून किंवा दुधातून तो अधूनमधून बाहेर टाकत राहते.