मागच्या गाडीचं पेडल

जुलैअखेरची रात्र, साडेनऊ वाजलेले. दिवसभर पावसाने उसंत दिली नव्हती. नाशिकमधल्या द्वारकेजवळच्या माझ्या गॅरेजचं शटर अर्धं खाली आलं होतं, हात धुवायला साबण घेतला आणि फोन वाजला. पलीकडे दादा. माझा थोरला आतेभाऊ, तीस वर्षं अमेरिकेत, आता निवृत्त. व्हिडिओ कॉल होता. त्याच्या मागे डोंगर, लख्ख ऊन, सकाळचे दहा.

"अरे, ब्रेकचा वास येतोय. मोटरहोमचा नाही, मागच्या जीपचा. पण जीप तर बंद आहे ना! चालवतच नाहीये कोणी."

मी साबण खाली ठेवला. सव्वीस वर्षं ब्रेकचंच काम करतोय. बंद गाडीच्या ब्रेकला वास येतो म्हणजे काय, हे मला समोर बसून सांगायची गरज नव्हती.

आधी त्या गाड्यांविषयी सांगतो, कारण आपल्याकडे हा प्रकार नाही. आपल्याकडे गाडी टोचन करतात ती बंद पडल्यावर, आणि मागच्या गाडीच्या स्टिअरिंगवर माणूस बसलेला असतो. पुढचा थांबला की मागचा ब्रेक दाबतो. तिकडे लोक बसएवढ्या मोटरहोममध्ये घर थाटून फिरतात आणि गावात हिंडायला मागे छोटी गाडी जोडून नेतात. चारही चाकं रस्त्यावर, आत कोणी नाही. दादाचं मोटरहोम साधारण नऊ टनांचं आणि मागची जीप दोन टनांची. त्या दोन टनांना स्वतःचे ब्रेक लागले नाहीत तर पुढच्याने ब्रेक दाबल्यावर ते मागून ढकलत राहतात. म्हणून तिथल्या बऱ्याच राज्यांत ठरावीक वजनाच्या वर, अनेक ठिकाणी ३,००० पौंड, ओढल्या जाणाऱ्या गाडीला स्वतंत्र ब्रेक असणं सक्तीचं आहे. दादाने त्यासाठी एक पेटी घेतली होती. ती जीपमध्ये ड्रायव्हरच्या सीटपुढे जमिनीवर बसते, मागून सीटला टेकते आणि तिचा दांडा ब्रेकच्या पेडलला पकडतो. पुढची गाडी थांबू लागली की पेटीला ते कळतं आणि ती दांड्याने पेडल दाबते. माणसाच्या पायाचं काम करणारी पेटी, इतकंच.

डेन्व्हरहून सकाळी आठला निघून ते जॉर्जटाउन नावाच्या गावी थांबले होते. साडेआठ हजार फुटांवरचं गाव. पुढे अकरा हजार फुटांवर आयझेनहॉवर बोगदा, आणि बोगदा ओलांडला की सात टक्क्यांचा लांबलचक उतार. ब्रेक गेलेल्या ट्रकांसाठी त्या उतारावर खडीचे चढ बांधून ठेवलेत, यावरून काय ते समजा.

दादा बोलत होता तेवढ्यात मागे वहिनी पाण्याची बाटली घेऊन चाकाकडे जाताना दिसल्या.

"वहिनी, पाणी टाकू नका!" मी एवढ्या जोरात ओरडलो की माझा पोऱ्या शटरखालून वाकून बघायला लागला. ब्रेकची डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी लोखंडी तबकडी. ती तापलेली असताना गार पाणी पडलं तर ती वाकडी होते, तडकूही शकते. मी म्हटलं, हात चाकापासून चार बोटं लांब धरा, उलटा हात, आणि कुठलं चाक जास्त भाजतंय ते सांगा.

"भाऊजी, थांबा, माझ्याकडे बंदूक आहे," म्हणत त्या आत गेल्या. डोशाच्या तव्याचं तापमान बघायची बंदूक! लाल ठिपका पाडून आकडा दाखवणारी. माझ्या गॅरेजमध्ये आहे तशीच, फक्त तिच्यावर पिठाचे डाग. मी त्यांना चाकाच्या आऱ्यांमधून डिस्कवर ठिपका धरायला लावला. पुढची दोन चाकं ४३० आणि ४२५ फॅरनहाइट, मागची दोन ३७० आणि ३६०. म्हणजे आपल्या हिशेबात पुढे सव्वादोनशेच्या आसपास, मागे एकशे ऐंशी-नव्वद. गाडी थांबून दहा मिनिटं झाल्यावर हे आकडे, आणि चकचकीत डिस्कवर ही बंदूक नेहमी कमीच दाखवते. तुलनेसाठी मोटरहोमचं पुढचं चाक बघायला लावलं. तिथे १७०.

आमच्या धंद्यात कुठलं चाक तापलंय यावरूनच निम्मं निदान होतं. एकच चाक तापलं तर त्या चाकाचा कॅलिपर, म्हणजे डिस्कला चिमट्यासारखा पकडणारा भाग, अडकलाय. मागची दोनच तापली तर हँडब्रेक ओढलेला राहिलाय. आणि चारही तापली, पुढची मागच्यांपेक्षा थोडी जास्त, तर पेडल दाबलेलं आहे. दुसरं कारण नंतर शोधायचं. पेडल दाबल्यावर पुढच्या चाकांना जास्त जोर जातो, तो फरकही आकड्यांत दिसत होता.

दादा म्हणाला, "शक्यच नाही. पुढे डॅशबोर्डवर दिवा आहे. पेटीने ब्रेक मारला की पेटतो. एकदाही पेटला नाही."

दादा इंजिनिअर आहे. त्याचं म्हणणं खोडताना मला आजही जड जातं. पण मी विचारलं, "मागून कोणी हॉर्न दिला? हेडलाइट मारले?"

वहिनी म्हणाल्या, "दोघांनी मारले. आम्हाला वाटलं, चढावर हळू चाललोय म्हणून."

"जीपच्या मागे जा आणि ब्रेकलाइट बघा."

वहिनी गेल्या. फोन त्यांच्या हातात, चित्र हलत होतं. मग स्थिर झालं. भर उन्हात दोन्ही लाल दिवे जळत होते. गाडी उभी, आत कोणी नाही, आणि ब्रेकलाइट चालू.

मी म्हटलं, पेटीला हात लावायच्या आधी फोन खाली पेडलपाशी धरा. अंधारातून रबराचं पेडल दिसलं, त्याला पकडलेला दांडा दिसला. मागे सीट पेटीला इतकी घट्ट भिडलेली की सीटच्या कापडात पेटीचा कोपरा रुतलेला. आदल्या संध्याकाळी वहिनी जीप घेऊन किराणा आणायला गेल्या होत्या. त्यांची उंची कमी, त्यांनी सीट पुढे ओढली. सकाळी निघायच्या घाईत दादाने पेटी पुन्हा बसवली, पण सीट मागे केली नाही. जोर लावून पेटी मधे घातली. पेडल जेमतेम एक सेंटिमीटर दबलं असेल, पण तेवढं पुरे असतं.

"दादा, आता दांड्याची पकड सोड."

त्याने सोडली आणि पेडल वर आलं. टक्! नाशिकमध्ये पावसाच्या आवाजात मला तो टक् स्पष्ट ऐकू आला. वहिनी मागून म्हणाल्या, "दिवे गेले."

दादा काही बोलला नाही. डॅशबोर्डवरचा दिवा खोटं सांगत नव्हता, हे त्याच्या लक्षात आलं. पेटीने ब्रेक मारलाच नव्हता. ब्रेक सीटने मारला होता, आणि सीटवर नजर ठेवणारा दिवा कोणी बसवत नाही. नऊ टनांच्या गाडीत बसलेल्या माणसाला मागचे दोन टन ओढत येतात की घासत येतात हे पायाला कळत नाही. चढावर गाडीत जीव नाही असं वाटतं, डिझेल जास्त जातं, आणि आपण ते चढाच्या नावावर घालतो.

त्याला वाटलं, काम झालं. मी म्हटलं, अजून नाही. आता पिन ओढ.

जीप जोडदांड्यापासून सुटली तर ब्रेक आपोआप लागावेत म्हणून एक बारीक तार मोटरहोमला अडकवलेली असते. तार ताणली की जीपच्या पुढच्या बाजूला बसवलेल्या स्विचमधली पिन निघते आणि पेटी पेडल दाबून धरते. गाडी सुटून रस्त्यावर एकटी धावू लागली तर तिच्याकडे एवढाच आधार असतो. मी जीपच्या चाकांना दगड लावायला सांगितले, पेटी सीट मागे करून नीट बसवायला लावली आणि पिन ओढायला लावली.

काहीच झालं नाही.

दादाने पुन्हा ओढली. पेटी गप्प. वहिनी वायर हाताने चाचपत गेल्या आणि पेटीच्या मागच्या बाजूला थांबल्या. पेटीला वीज देणारी मोठी वायर लावलेली होती, पण पिनच्या स्विचकडून येणारा छोटा प्लग सीटखाली लोंबकळत होता. सकाळच्या त्याच घाईत राहून गेलेला. म्हणजे नको तेव्हा लागलेला ब्रेक आणि हवा तेव्हा न लागणारा ब्रेक, दोन्ही एकाच वेळी, एकाच गाडीत. माझ्याकडे येणारे लोक दुसराच दोष बघतात. ब्रेक लागतोय ना, मग बास. सुटतोय का, हे क्वचित कोणी विचारतं.

आता खरी अडचण. दादाचं संध्याकाळचं बुकिंग डोंगरापलीकडे होतं. त्याचं म्हणणं, पेडल सुटलं, प्लग लावला, तासभर गार होऊ दे, निघू. मी जीपचं इंजिन सुरू करून पायाने पेडल दाबायला सांगितलं. तो दाबत होता आणि मी त्याचा चेहरा बघत होतो.

"थोडं खाली जातंय," तो म्हणाला. "स्पंजसारखं."

साधं डॉट ३ ब्रेक ऑइल नवं असताना २०५ अंश सेल्सिअसला उकळतं. ते हवेतली ओल ओढून घेतं, आणि जुनं झालं की १४० लाच उकळू शकतं. उकळलं की आत वाफ होते. वाफ दाबली जाते, पण चाकापर्यंत जोर पोचत नाही. त्यात डिस्कला दाबणारे पॅडही इतका वेळ घासून काचेसारखे गुळगुळीत झालेले असणार. ती जीप मागे ओढायची तर नाहीच, पण वहिनींनी वेगळी चालवत न्यायचीही नाही.

मी म्हटलं, "दादा, आज त्या उतारावर जाऊ नकोस."

तो वैतागला. साहजिक आहे. आणि मग मी त्याला ते सांगितलं जे घरात कोणाला फारसं सांगत नाही. गॅरेज नवीन असताना निफाडकडून द्राक्षं भरून वाशी मार्केटला निघालेली एक पिकअप रात्री माझ्याकडे आली. मागच्या डाव्या चाकाचा सिलिंडर गळत होता. रात्री पार्ट मिळणार नव्हता आणि ड्रायव्हरला पहाटे पोचायचं होतं. तेव्हा सगळे करायचे तेच मी केलं. त्या चाकाचा पाइप दाबून बंद केला आणि तीन चाकांच्या ब्रेकवर गाडी सोडली. कसारा घाटात तिने एका बाजूला खेचलं. ड्रायव्हर शहाणा, त्याने दरीऐवजी डोंगराला घातली. पाय मोडला, जीव वाचला. मी सिव्हिल हॉस्पिटलमध्ये त्याला भेटायला गेलो तर तोच मला म्हणाला, तुमचा काय दोष, घाई मलाच होती. त्या दिवसापासून मी पाइप दाबून एकही गाडी सोडलेली नाही. गिऱ्हाईक शिव्या देऊन गेलं तरी चालेल.

दादा बराच वेळ गप्प होता. मग वहिनीच म्हणाल्या, "भाऊजी, आम्ही राहतो इथेच."

बुकिंगचे पैसे गेले. दुपारी जवळच्या गावातून मेकॅनिक आला. त्याने पुढचे पॅड बदलले, चारही चाकांतून जुनं ऑइल काढून नवं भरलं, हवा काढली. वहिनींनी बाटलीत काढलेल्या जुन्या ऑइलचा फोटो पाठवला. बिनदुधाचा चहा असतो ना, तसा रंग.

दुसऱ्या दिवशी मी गॅरेज लवकर बंद केलं आणि निघण्याआधी सगळं फोनवर करून घेतलं. सीट मागे. इंजिन बंद करून पेडल पाच-सहा वेळा दाबायचं, दगडासारखं कडक होईपर्यंत. कारण पायाचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरमध्ये निर्वात उरलेला असला तर पेटीचा पहिला ब्रेक मापापेक्षा जोरात बसतो आणि चाकं जागीच लॉक होऊ शकतात. ही गोष्ट दादाला माहीत होती, पण तो दोनदाच दाबायचा. मग पेटी बसवायची आणि हाताने पेडल वर ओढून बघायचं. ते वर आलं तर दबलेलं आहे, पुन्हा बसवा. मागे जाऊन दिवे विझलेले आहेत ना ते बघायचं. छोटा प्लग. आणि शेवटी पिन.

या वेळी पिन ओढली तशी पेटीने धप्पकन पेडल दाबलं आणि वहिनींनी फोन मागे नेला तर दोन्ही लाल दिवे लागलेले. पिन परत आत घातली, दिवे गेले.

"पहिल्या पाच मैलांवर थांबायचं आणि बंदूक धरायची," मी सांगितलं. "आणि उतार संपल्यावर पुन्हा."

रात्री झोपलो नाही असं नाही, पण फोन उशाशी होता. साडेअकराच्या सुमाराला वहिनींचा मेसेज आला. बोगदा ओलांडून, उतार उतरून ते खाली पोचले होते. शब्द काही नव्हते, चार चाकांचे चार आकडेच: १६५, १६०, १४०, १४०.