३ मिलिमीटरचं भोक आणि १९ दिवस

मी कोल्हापूरचा, शिक्षण मेकॅनिकलचं, आणि सध्या अमेरिकेत मिडवेस्टातल्या एका युनिव्हर्सिटीच्या एरोस्पेस प्लाझ्मा लॅबमध्ये पीएचडी करतोय. आई शेजारीपाजारी सांगते की पोरगा रॉकेट बनवतो. तसलं काही नाही. आम्ही हॉल थ्रस्टर चालवतो, म्हणजे उपग्रह वर गेल्यानंतर त्याला हळूहळू ढकलत राहणारं विजेवरचं इंजिन. बोरॉन नायट्राइडची पांढरी, खडूसारखी दिसणारी एक गोल खोबण असते, तिच्यात झेनॉन गॅस सोडायचा, चुंबकीय क्षेत्रात इलेक्ट्रॉन गोल गोल अडकवून ठेवायचे, ते गॅसच्या अणूंवर आदळून आयन, म्हणजे विजेचा भार असलेले अणू, बनवतात आणि ३०० व्होल्टवर ते आयन सेकंदाला १५-२० किलोमीटरने बाहेर फेकले जातात. सोव्हिएत लोकांनी हे १९७१ मध्येच उपग्रहावर उडवलं होतं, त्यामुळे मी काही नवीन शोध लावतोय अशातला भाग नाही. २०१७ मध्ये इस्रोने जीसॅट-९ वर झेनॉनवालं विजेचं प्रोपल्शन पाठवलं तेव्हा मी कॉलेजात होतो, खूळ तिथून शिरलं.

आता अनुभव. अडीच वर्षं झाली तरी माझ्या नावावर थ्रस्टचं, म्हणजे इंजिन किती जोराने ढकलतं त्याचं, एकही माप नव्हतं. त्यातले काही महिने कागदपत्रांत गेले ते वेगळेच. इथे उपग्रहाच्या तंत्रज्ञानाची माहिती परदेशी माणसाला दाखवली की ती निर्यातच धरतात, मग तो माणूस इथेच शेजारच्या टेबलावर का बसलेला असेना. त्यामुळे एखाद्या कंपनीचा थ्रस्टर लॅबमध्ये टेस्टिंगला आला की आम्ही दोघं-तिघं बाहेर, दार बंद, आणि सर्व्हरवरचे काही फोल्डर आम्हाला उघडतच नाहीत. कुणी वाईट वागत नाही, पण जेवताना सगळे ज्या टेस्टबद्दल बोलतायत ती तुम्हाला माहीतच नसते, आणि मग तुम्ही भाताकडे बघत बसता. माझं काम युनिव्हर्सिटीने स्वतः बनवलेल्या ६०० वॅटच्या छोट्या थ्रस्टरवर, त्याचे निकाल छापायला मोकळे असतात म्हणून तिथे अडचण नाही.

टेस्टिंगचा व्हॅक्यूम चेंबर सगळ्यांचा मिळून एक. मिनीबसएवढा स्टीलचा डबा, आतली हवा पंपांनी उपसून अवकाशासारखी पोकळी करायची, त्याचं बुकिंग लग्नाच्या हॉलसारखं, तारीख मिळाली की मिळाली. मला तीन आठवडे मिळाले होते. थ्रस्टर ठेवायला मी स्वतः नवीन स्टँड बनवला, चौकोनी पोकळ पाइपचे चार पाय, दोन्ही टोकांना बुच बसवून त्यात बोल्ट, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा जरा माजच होता कारण वेल्डिंग लय भारी झालं होतं. सगळं अॅसिटोनने पुसून, हातमोजे घालून (बोटाचं तेल लागलं तरी व्हॅक्यूममध्ये त्याची वाफ निघत राहते) आत बसवलं, शुक्रवारी संध्याकाळी दार लावलं, पंप सुरू केले आणि घरी जाऊन झोपलो.

शनिवारी सकाळी बघतो तर प्रेशर ८ गुणिले १० चा उणे सहावा घात टॉर (टॉर हे दाबाचं एकक), आणि तिथेच ठाण मांडून बसलेलं. पाहिजे होतं उणे सातव्या घातात. ऐकायला फरक किरकोळ वाटतो पण दोन गोष्टी अडतात. एक म्हणजे कॅथोड, थ्रस्टरला इलेक्ट्रॉन पुरवणारा भाग, तो लँथॅनम हेक्साबोराइडचा, दीड हजार डिग्रीच्या वर तापवावा लागतो आणि तापलेला असताना ऑक्सिजन मिळाला की खराब होतो, त्यामुळे आमच्या गाइडचा नियम की प्रेशर खाली आल्याशिवाय हीटरचं बटणसुद्धा दाबायचं नाही. दुसरं, चेंबरमध्ये उरलेला गॅस थ्रस्टर आत ओढून घेतो आणि फुकटचं इंधन म्हणून वापरतो, मग थ्रस्ट असतो त्यापेक्षा जास्त दिसतो. आपला आकडा चांगला यावा म्हणून कुणी चेंबर घाण ठेवत नाही, पण परीक्षक पहिला प्रश्न हाच विचारतात.

म्हणजे लीक. लीक शोधायची पद्धत अशी की बाहेरून एकेका जोडावर हेलियमचा बारीक फवारा मारायचा आणि डिटेक्टर आत हेलियम दिसतो का ते बघतो. माझ्यासोबत तैवानची एक सीनियर होती, तिने बिचारीने तिचा रविवार घालवला. प्रत्येक फ्लँज (बोल्टने जोडलेली कडी), प्रत्येक खिडकी, वायरींचे सगळे कनेक्टर. काही नाही! डिटेक्टर ढिम्म. पण आतल्या गॅसचं विश्लेषण केलं तर रेणूच्या वजनाच्या आलेखात २८ वर नायट्रोजन, ३२ वर ऑक्सिजन, चक्क हवा. हवा आत येतेय पण बाहेरून येत नाहीये, मला तर वाटायला लागलं की यंत्रच येडं झालंय.

मग जे करायला नको होतं ते केलं. दार उघडलं, दोन कॉपर गॅस्केट बदलले, पुन्हा बंद, पुन्हा पंप, एक रात्र गेली, तेच. पुन्हा उघडलं, झेनॉनची लाइन बदलली. तेच. मधेच क्रायोपंप गरम करून साफ करायची वेळ आली, त्याच्या आतले पत्रे उणे अडीचशे डिग्रीपर्यंत थंड असतात आणि गॅस त्यांवर गोठून बसतो, तो सोडवायला गरम करायचं आणि परत थंड करायचं, त्यात एक अख्खा दिवस. एकदा चौथ्या दिवशी प्रेशर थोडं उतरायला लागलं होतं पण आमचा धीर सुटला आणि आम्ही परत दार उघडलं. हे आठवलं की अजून कपाळावर हात मारावासा वाटतो.

सोळाव्या दिवशी लॅबचे जुने टेक्निशियन कॉफीचा कप घेऊन आले. तीस वर्षं ते हेच करतात. दार उघडंच होतं. त्यांनी वाकून माझ्या स्टँडच्या पायावर पेनाने टकटक केलं आणि विचारलं, हे पोकळ आहे का?

आहे ना पोकळ. चार पायांत मिळून साधारण दोन लिटर हवा कोंडलेली आणि बोल्टच्या आट्यांतून ती केसाएवढ्या वाटेने हळूहळू बाहेर येतेय. हेलियम बाहेरून मारून ती सापडणारच नव्हती. आणि सगळ्यात वाईट म्हणजे लीक शोधायला आम्ही जितक्या वेळा दार उघडलं तितक्या वेळा ते पाय पुन्हा हवेने भरले. याला इथे व्हर्च्युअल लीक म्हणतात. प्रत्येक पायाला ३ मिलिमीटरचं भोक पाडलं, दहा मिनिटांचं काम, मग ते साफ करून पुन्हा सगळं जोडलं.

त्या रात्री बाबांना फोन केला. बाबा उद्यमनगरात फाउंड्रीला होते, आयुष्य मोल्डिंगमध्ये गेलं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अरं मग व्हेंट नको का ठेवायला? साच्यात गॅस कोंडला की कास्टिंगला ब्लोहोल येतोय, हे आमच्याकडं नव्या पोराला पयल्या आठवड्यात सांगत्यात." मी गप्प. काय बोलणार.

एकोणिसाव्या दिवशी प्रेशर उणे सातव्या घातात गेलं. कॅथोड तीन तास हळूहळू तापवला, मग गॅस, चुंबक, ३०० व्होल्ट, आणि खिडकीतून निळसर कडं दिसलं. पहिला अर्धा तास करंट नुसता नाचत होता, चॅनलमधला ओलावा निघत असतो तेव्हा असं होतंच, तरी माझा हात बंद करायच्या बटणावरच होता. मग तो दोन अँपियरवर शांत झाला. थ्रस्ट मोजायला उलटा लंबक असतो, आणि तो उष्णतेने सरकतो, म्हणून दर वेळी थ्रस्टर बंद करून शून्य तपासायचं, दोऱ्याला बांधलेली छोटी वजनं सोडून कॅलिब्रेशन करायचं, परत पेटवायचं. पहाटे चारपर्यंत आम्ही तिघं हेच करत होतो, त्यात टेक्सासचा एक ज्युनियर खुर्चीत बसल्याबसल्या घोरत होता. आकडा आला ३६ मिलिन्यूटन.

सकाळी घरी व्हिडिओ कॉल लावला. बाबांनी विचारलं, किती जोर आला? मी म्हटलं, ए-फोर कागदाचं वजन असतं ना, त्यापेक्षा जरा कमी. आई म्हणाली, "एवढ्यासाठी अडीच वर्षं?" बाबा थोडा वेळ विचारात, मग एकदम गंभीरपणे, "कागद कोरा का लिवल्याला?"

पुढच्या महिन्यात झेनॉनऐवजी क्रिप्टॉन गॅसवरची फेरी आहे, नवीन स्टँड तयार आहे, भोकं आधीच पाडून ठेवलीत.