नवा थर्मोस्टॅट आणि 'सी' वायर

अमेरिकेतल्या गॅस फर्नेसच्या (गॅसवर घर तापवणाऱ्या यंत्राच्या) घरात जुना थर्मोस्टॅट काढून वायफायवाला बसवायचा, तर काम अवघड नाही. घोडं अडतं ते 'सी' वायरपाशी.

थर्मोस्टॅट म्हणजे शेवटी स्विचच. फर्नेसमधला ट्रान्सफॉर्मर 120 व्होल्टचे 24 व्होल्ट एसी करतो आणि ते 'आर' नावाच्या वायरीवरून भिंतीपर्यंत येतात. आर 'डब्ल्यू'ला जोडला की बर्नर पेटतो, 'वाय'ला जोडला की एसीचा बाहेरचा कॉम्प्रेसर, 'जी'ला जोडला की पंखा. सी ही परतीची वायर. जुन्या थर्मोस्टॅटचं तिच्यावाचून भागायचं, वायफायला मात्र सतत वीज लागते. सी नसली तर काही मॉडेलं डब्ल्यू-वायमधून वीज चोरतात. मग फर्नेसचा रिले (विजेवर चालणारा स्विच) टकटकतो, नाहीतर ऐन थंडीत स्क्रीन काळा पडतो.

जुन्या थर्मोस्टॅटच्या झाकणामागे जाड वायरी आणि वायर-नट (वायरींची टोकं जोडणाऱ्या टोप्या) दिसले तर तिथेच थांबा. तो बहुधा 240 व्होल्टचा बेसबोर्ड हीटर, म्हणजे भिंतीच्या तळाशी बसवलेला विजेचा हीटर. हा थर्मोस्टॅट तिथे लावायचाच नाही.

आधी फर्नेसचा ब्रेकर पाडा. थर्मोस्टॅट 'ऑफ' केला तरी आरवर वीज असतेच. ती वायर सीला टेकली की फर्नेसमधल्या सर्किट बोर्डावरचा 3 किंवा 5 अँपिअरचा, गाडीत असतो तसला चपटा फ्यूज उडतो, आणि खापर फुटतं नव्या थर्मोस्टॅटवर.

फोटो काढून मगच वायरी सोडवा. रंगावर विसंबू नका, कोणती वायर कोणत्या स्क्रूला होती तेच खरं. भिंतीत पुष्कळदा एखादी सुटी वायर, बहुधा निळी, गुंडाळून ठेवलेली असते. फर्नेसकडचं तिचं टोक बोर्डावरच्या सी स्क्रूखाली घ्या. तिथे बाहेरच्या युनिटची वायर आधीच असेल, तिला हलवू नका. ब्रेकर लावून भिंतीकडे आर-सीमध्ये मल्टिमीटर धरा: 24 ते 28 व्होल्ट यायला हवेत. शून्य आलं तर फर्नेसचं दार नीट बसलंय का पाहा, दाराचा स्विच दाबला गेल्याशिवाय बोर्डाला वीज मिळत नाही. त्यानंतर फ्यूज. मोजून झालं की ब्रेकर पुन्हा पाडून थर्मोस्टॅट जोडा.

सुटी वायर नसेलच, तर जी वायर सीला द्या आणि बोर्डावर वाय आणि जी वायरीच्या छोट्या तुकड्याने जोडा. तो तुकडा विसरलात तर उन्हाळ्यात पंख्याविना एसीच्या गार कॉइलवर बर्फ धरतो. या जोडणीत नुसता पंखा लावायची सोय तेवढी जाते.

भिंतीतलं भोक पुट्टीने बुजवा. आतली गार हवा सेन्सरवर आली की खोली तापली तरी फर्नेस चालूच राहते.