१८ टक्के बॅटरी आणि मुक्कामाचे गाव

दिवस मावळता मावळता मी त्या लहानशा गावाच्या वेशीवर पोहोचलो, तेव्हा माझ्या इलेक्ट्रिक गाडीत १८ टक्के बॅटरी उरली होती. नकाशावर गावात दोन सार्वजनिक चार्जर दिसत होते आणि दुसऱ्या दिवशीचा सगळा प्रवास मी त्यांच्याच भरवशावर आखला होता.

पहिला चार्जर हमरस्त्यालगत होता, ६० किलोवॉटचा डीसी, म्हणजे थेट बॅटरीला वीज देणारा वेगवान, आणि दोन गनचा (गन म्हणजे गाडीला लावायचे केबलचे टोक). माझ्या गाडीची बॅटरी ४० युनिटची असल्याने ८० टक्क्यांपर्यंत जायला सुमारे २५ युनिट पुरणार होते, म्हणजे हिशेबाने अर्ध्या तासाचे काम. प्रत्यक्षात यंत्राच्या पडद्यावर बिघाडाची सूचना झळकत होती. मदतकेंद्राला फोन लावला, तर पलीकडच्या गृहस्थांनी सर्वांत आधी विचारले, "बाजूचं लाल बटण आत गेलेलं आहे का?" आणीबाणीत यंत्र बंद करणारे ते बटण खरोखरच आत गेले होते, येताजाता कोणीतरी दाबले असावे. त्यांनी सांगितल्याप्रमाणे मी ते पिळून बाहेर काढले, यंत्र नव्याने सुरू झाले आणि गन लावताच कुलूप बसल्याचा 'खट्' आवाज आला. बिघाड म्हणून किती जण तेथून परत गेले असतील, कोण जाणे!

दहा मिनिटांनी शेजारच्या गनला दुसरी गाडी लागली आणि माझा ४८ किलोवॉटचा वेग ३० वर आला, कारण ते ६० किलोवॉट दोन्ही गनमध्ये वाटले जात होते. मला रात्र गावातच काढायची होती, त्यामुळे पुढे जाणाऱ्यांची जागा अडवून बसणे योग्य वाटेना. ५० टक्के होताच मी गाडी काढली.

दुसरा चार्जर गावातल्या सार्वजनिक वाहनतळावर होता. त्या एसी, म्हणजे घरातल्यासारखी वीज देणाऱ्या खांबावर २२ किलोवॉट असे ठळक लिहिले होते, पण हा आकडा थ्री फेजचा. ही वीज बॅटरीसाठी बदलून घेणारा माझ्या गाडीतला चार्जर सिंगल फेजचा असून ७.२ किलोवॉटपेक्षा जास्त घेतच नाही, त्यामुळे खांब कितीही देऊ शकत असला तरी मला त्याचा उपयोग तेवढाच. शिवाय खांबाला नुसते सॉकेट होते. केबल स्वतःची लागते आणि माझी नेमकी डिकीत सगळ्या सामानाच्या तळाशी होती. दोन तासांनी ८० टक्क्यांच्या पुढे काटा गेल्यावर, त्या एकाच सॉकेटवर रात्रभर हक्क सांगणे बरे नव्हे म्हणून मी गाडी मुक्कामाच्या जागी नेली.

तेथे यजमानांच्या परवानगीने १६ अँपिअरच्या साध्या सॉकेटमध्ये पोर्टेबल चार्जर लावला. अर्ध्या तासाने प्लगला हात लावून पाहिला, तर तो चांगलाच गरम लागला. जुन्या वायरिंगवर तासन्‌तास भार टाकण्यात शहाणपणा नव्हता, म्हणून गाडीच्या सेटिंगमध्ये करंट १० अँपिअरवर आणला. उरलेल्या सात-आठ युनिटांना रात्र पुरून उरणार होती.

माझ्या मते अशा गावाला आणखी एका वेगवान यंत्रापेक्षा मुक्कामाच्या ठिकाणी स्वतंत्र वायरिंगच्या तीन-चार संथ सॉकेटांची जास्त गरज आहे. सकाळी निघालो तेव्हा बॅटरी पूर्ण भरली होती. हमरस्त्यावरच्या दोन्ही गन मात्र लागलेल्या होत्या आणि तिसरी गाडी मागे ताटकळत उभी होती.