डॅशबोर्डचे तडे: एकदा चुकलेली आणि एकदा जमलेली दुरुस्ती

काल भर दुपारी गाडीत बसलो, ऊन सरळ डॅशबोर्डवर पडलेलं, आणि सवयीने डावीकडच्या स्पीकरच्या जाळीपाशी बोट फिरवलं. बोटाला काही लागलं नाही. तिथला तडा दुरुस्त करून दोन उन्हाळे झाले आता, म्हणून लिहायला घेतलंय. आधी लिहिलं असतं तर घाई झाली असती, कारण डॅशबोर्डचं काम टिकलं की नाही ते उन्हाळाच सांगतो.

गाडी १९८३ ची डिझेल सेडान. इंजिन छान, पत्रा धड, सीटसुद्धा अजून मूळच्याच, पण दार उघडलं की पहिली नजर त्या तड्यांवर जायची. तीन मोठे होते, एक स्पीकरच्या जाळीपासून काचेपर्यंत, एक मधल्या डिफ्रॉस्टरच्या, म्हणजे काचेवरचं धुकं घालवायला हवा सोडतात त्या फटीपासून निघालेला आणि तिसरा मीटरच्या वरच्या कपाळावर आडवा, त्यातून पिवळा फोम दिसायचा आणि बोट लावलं की त्याचा भुगा पडायचा. इंजिन काय, बॉनेट उघडलं तर दिसतं. डॅशबोर्ड गाडी चालवताना सतत डोळ्यांसमोर असतो हो.

पहिल्यांदा मी जे केलं ते चुकलंच. पत्र्याला भरतात ती लांबी, म्हणजे पुट्टी, तड्यात भरली, घासली, वरून काळा स्प्रे मारला. आठवडाभर इतकं सुंदर दिसत होतं की येईल त्याला दाखवत होतो. मग ऊन तापलं आणि लांबीच्या दोन्ही कडांनी नवे बारीक तडे गेले, मधली लांबी दगडासारखी तशीच उभी आणि बाजूचं व्हिनाइल तिच्यापासून सुटलेलं. तेव्हा कुठे मी बसून नीट समजून घेतलं की ही वस्तू बनलीये कशी.

खाली लोखंडी किंवा प्लॅस्टिकचा सांगाडा, त्यावर पॉलीयुरेथेन फोम आणि सगळ्यात वर पीव्हीसी व्हिनाइलची पातळ कातडी, अशी ती रचना. आता पीव्हीसी मुळात कडक असतं, नळाचे पाइप त्याचेच असतात. त्याला मऊ ठेवायला त्यात प्लॅस्टिसायझर मिसळलेला असतो आणि वर्षानुवर्षं उन्हात तापून तो हळूहळू बाहेर पडत राहतो. जुन्या गाडीच्या पुढच्या काचेला आतून तेलकट धुरकट थर येतो ना, कितीही पुसा, काही दिवसांनी परत येतो, त्यात बराचसा हाच माल असतो. म्हणजे डॅशबोर्डचा मऊपणा उडून काचेवर जाऊन बसतो. उरलेली कातडी कडक होते आणि आकसते, खालचा सांगाडा मात्र आकसत नाही, त्यामुळे ती चारी बाजूंनी ताणली जाते आणि जिथे भोक, कोपरा किंवा फट असेल तिथून फाटते. माझे तिन्ही तडे असेच भोकाच्या नाहीतर फटीच्या कडेवरून सुरू झालेले. उन्हात बंद गाडीचा डॅशबोर्ड ७० अंश सेल्सिअसच्या वर सहज जातो, रात्री पुन्हा थंड होतो, म्हणजे तो रोज थोडा हलतो. हलणाऱ्या गोष्टीत न हलणारी लांबी भरली तर ती सुटणारच.

अजून एक गोष्ट मला तेव्हा खरंच टोचली. फोम आणि व्हिनाइलचा हा वरचा पॅड शोभेसाठी दिलेलाच नाहीये. पूर्वी डॅशबोर्ड उघड्या पत्र्याचे असायचे आणि धडकेत डोकं त्यावर आपटायचं. फोर्डने १९५६ च्या मॉडेलांमध्ये गादीवाला डॅशबोर्ड सुरक्षेसाठीचा पर्याय म्हणून दिला, आणि पुढे अमेरिकेत १ जानेवारी १९६८ पासून गाडीच्या आतल्या भागांवर माणूस आपटण्याबद्दलचा नियमच लागू झाला. म्हणजे डोकं वाचवायला दिलेल्या गादीत मी माझ्या हाताने दगड बसवला होता. बाजूच्या सीटवर घरची माणसं बसतात. दुसऱ्या दिवशी सगळी लांबी खरवडून काढली.

मग पुढे काय, तर चार रस्ते होते. दुसऱ्या गाडीतला जुना पॅड आणायचा, पण तो तितक्याच वयाचा असतो, आज अखंड दिसला तरी काढताना हातात तुटू शकतो. डब्यात पडून राहिलेला, कधीच न वापरलेला असेल तरी वय तेच, फक्त ऊन कमी लागलेलं. दुसरा रस्ता वरून बसवायचं प्लॅस्टिकचं कव्हर, मूळ डॅशबोर्डच्या आकाराचं कवच असतं, सिलिकॉनने चिकटवतात, एका दुपारचं काम. ज्यांना गाडी रोज वापरायची आहे त्यांनी जरूर करावं. मला ते नको होतं कारण ते एकदा चिकटवलं की परत काढताना खालची कातडी सोबत निघते, म्हणजे मूळ पॅड कायमचा गेला. तिसरा, पूर्ण पॅड नव्याने मढवून घेणं, म्हणजे जुनी कातडी उतरवून, फोम एका पातळीत आणून वर गरम व्हिनाइल व्हॅक्यूमने ओढून बसवतात. सगळ्यात चांगलं काम तेच होतं असं माझं मत आहे, पण त्याला तसा साचा आणि तशी मशीन लागते. हाताने लेदर किंवा रेक्झिन लावतात त्यात मीटरच्या वरच्या दुहेरी गोलाईवर शिवण दिल्याशिवाय कापड बसतच नाही आणि मग तो मूळ डॅशबोर्ड वाटत नाही. चौथा, आहे तोच दुरुस्त करायचा. मी चौथा घेतला.

गाडीत बसून हे काम करू नका, पॅड बाहेर काढाच. आधी बॅटरीची वायर सोडा. मग मीटर, स्पीडोमीटरची केबल, ग्लव्ह बॉक्स असं एकेक, आणि प्रत्येक टप्प्याचा फोटो, प्रत्येक स्क्रू वेगळ्या पाकिटात नाव घालून. त्या काळच्या काही गाड्यांत ऑइल प्रेशरच्या काट्यापर्यंत खरोखरीचं ऑइल नेणारी बारीक नळी येते, माझ्यातही होती, ती सोडली की तिचं तोंड लगेच बंद करा नाहीतर कार्पेट गेलं. प्लॅस्टिकच्या क्लिपा आणि कनेक्टर इतक्या वर्षांनी बिस्किटासारखे झालेले असतात, ओढू नका, हीट गनने लांबून जरा कोमट करा मग सुटतात. मला नुसतं काढायलाच दोन सुट्ट्या लागल्या. आणि नव्या गाड्यांमध्ये डॅशबोर्डच्या आत एअरबॅग असते, तिथे यातलं काहीही करायचं नाही, तो पॅड बदलायचाच असतो.

खरं काम सफाईचं आहे आणि लोक नेमके तिथेच कंटाळतात. वर्षानुवर्षं मारलेलं चमकवायचं सिलिकॉनवालं पॉलिश कातडीवर बसलेलं असतं, ते राहिलं तर रंग माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पाडून बाजूला सरकतो. साबणाच्या पाण्याने, मग ग्रीस काढायच्या सॉल्व्हंटने, दर वेळी नवीन फडकं, असं मी तीन वेळा पुसलं. मग तड्याच्या वर उचललेल्या कडा कटरने कापून टाकल्या, त्या दाबून बसत नाहीत, कितीही दाबा. तड्याच्या टोकाला एक छोटं गोल भोक पाडलं म्हणजे तो पुढे पळत नाही. दोन्ही कडांना उतार देऊन इंग्रजी व्ही अक्षरासारखी चर केली, सुटलेला फोम काढला, खाली पोकळ होतं तिथे नवा फोम भरून पातळीच्या जरा खाली कापला.

आणि मग भरलं ते लवचिक फिलर, दोन भाग मिसळायचं युरेथेनचं, प्लॅस्टिकच्या बंपरला वापरतात त्या जातीचं, सुकल्यावरही वाकतं. एकदम भरू नका, पातळ थर, सुकू द्या, घासा, परत थर. १८० नंबरच्या सँडपेपरने सुरुवात केली आणि ३२० वर संपवलं. घासताना चांगला मास्क हवाच, आणि युरेथेनचं काम उघड्या हवेत करा, त्यातला आयसोसायनेट फुप्फुसाला वाईट असतो.

सगळ्यात जास्त जीव घेतला तो दाण्याने. व्हिनाइलवर कातड्यासारखी बारीक नक्षी असते आणि भरलेली जागा गुळगुळीत, रंग मारला की ती उलट जास्तच दिसते. मी ग्लव्ह बॉक्सच्या बाजूला, जिथे ऊन कधी लागलंच नव्हतं, तिथला ठसा सिलिकॉन रबरात घेतला आणि शेवटचा थर अर्धवट सुकला असताना तो ठसा त्यावर दाबला. आठ वेळा केलं. पाच वेळा घासून टाकलं, कधी फार ओलं, कधी फार सुकलेलं, सहाव्यांदा पहिला तडा नीट बसला, मग बाकीचे दोन. ठशाच्या सिलिकॉनमुळे रंगाआधी परत एकदा पुसावं लागतं, हे मात्र विसरू नका.

रंग व्हिनाइलचाच घ्या, लवचिक असतो, आणि फवारे हलके हलके चार-पाच. अगदी मॅट. चमकदार डॅशबोर्डचं प्रतिबिंब उन्हात काचेवर पडतं आणि समोरचा रस्ता धुरकट दिसतो. तड्यापुरता नाही, अख्खा पॅड एका दमात रंगवा, कारण ४० वर्षांत उरलेल्या भागाचाही रंग उतरलेला असतो आणि ठिगळ दिसतं.

आता उभी करताना काचेला आतून ऊन अडवायचा पडदा लावतो, प्रत्येक वेळी, दहा मिनिटांसाठी सुद्धा. पुसायला नुसतं ओलं फडकं. मीटरच्या वरचा तडा कुठे होता ते संध्याकाळच्या तिरप्या उजेडात मला अजून दिसतं, दाणा तिथे जरासा सपाट आहे. स्पीकरच्या जाळीपाशी मात्र मीच शोधत राहतो आणि सापडत नाही.