पिशवीबाहेरचा उजेड

मंगळवार, रात्री साडेअकरा

डायलिसिसच्या बीकरमधलं पाणी बदलायला गेले आणि सवयीनं दिवे मालवून यूव्ही टॉर्च लावला. बारीक छिद्रांच्या पिशवीत द्रावण भरून ती पाण्यात ठेवायची, म्हणजे नको असलेले लहान रेणू बाहेर निघून जातात; हेच डायलिसिस. पिशवीतलं द्रावण निळं चमकणार, हे ठाऊकच होतं. पण बाहेरचं पाणीही चमकत होतं, आणि पिशवीपेक्षा जास्त! दुसरा दिवस उलटला तरी. जे ओतून द्यायचं, तेच बघत कितीतरी वेळ उभी राहिले.

कृती तशी साधी. सायट्रिक ॲसिड, इथिलीनडायअमीन आणि पाणी ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे घट्ट बंद भांड्यात, 200 अंशांवर पाच तास ठेवायचं. हाती येतं तपकिरी पाणी. त्यात 10 नॅनोमीटरहून लहान कार्बनचे कण, म्हणजे कार्बन डॉट्स. 2004 मध्ये हे कण सापडले तेही काजळीतून नॅनोट्यूब, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या, वेगळ्या करताना. शोधत होते एक, हाती लागलं भलतंच.

माझंही तसंच व्हायचं. या मिश्रणात आयपीसीए नावाचा एक चिमुकला रेणूही तयार होतो. तोही निळाच चमकतो, आणि पिशवीच्या छिद्रांतून सहज निसटतो. गेल्या महिन्यातली बॅच मी जेमतेम एक दिवस डायलिसिसला ठेवली होती. घाई, दुसरं काय. मग ज्या हेला पेशींचे (प्रयोगशाळेत वाढवलेल्या कॅन्सरच्या पेशींचे) फोटो मी कौतुकानं सगळ्यांना दाखवत फिरले, त्यांत चमकत होतं ते नक्की काय? शिवाय पेशी स्वतःही थोड्या निळ्या दिसतातच, त्यांच्यातल्या एनएडीएच या रेणूमुळे. काहीच न घातलेल्या पेशींचा फोटो काढला होता म्हणा, पण कॅमेऱ्याचं एक्सपोजर निम्मं ठेवून; मग त्या फिक्याच दिसणार. आज फोल्डर उघडला आणि लाज वाटली.

औषधाचं तरी बरं, असं वाटलं होतं. डॉक्सोरुबिसिन हे कॅन्सरवरचं औषध स्वतःच नारिंगी-लाल चमकतं. ते हृदयाला इजा करतं, म्हणून तर त्याला कणाच्या पाठीवर बसवून न्यायची ही खटपट. लायसोसोममध्ये, म्हणजे पेशीतल्या पचनाच्या पिशव्यांमध्ये, पीएच 5 च्या आसपास असतो; त्या आम्लात ते कणावरून सुटावं आणि केंद्रकात शिरावं, असा बेत. केंद्रकं लाल झालीही. पण मोकळं डॉक्सोरुबिसिनसुद्धा केंद्रकातच जाऊन बसतं. कणानं नेलं की वाटेत सुटून एकटंच पोचलं, हे त्या लाल रंगावरून कसं कळणार?

पाणी बदललं. जुनं मात्र ओतलं नाही. बाटलीत भरून वर चिकटपट्टीवर लिहिलं, ‘पिशवीबाहेरचं’. उद्या पेशींना आधी हेच देणार. एक्सपोजर सगळ्यांना सारखं.