राजपुरीच्या धक्क्यावर, बोर्ड मांडीवर घेऊन

चित्रकलेच्या मुलांना घेऊन राजपुरीच्या धक्क्यावर पोचलो तेव्हा सकाळचे साडेसात वाजले होते. भरती पूर्ण चढलेली. समोर मुरूड-जंजिरा, तट थेट पाण्यातूनच वर आल्यासारखा. इतिहास बसमध्येच उरकला होता. मराठ्यांनी किती झुंज दिली तरी सिद्दीचा हा किल्ला पडला नाही, हे मुलांना माझ्याआधी ठाऊक होतं.

पहिल्या वीस मिनिटांत सगळ्यांच्या कागदावर पिंपं उभी राहिली. बुरूज गोल, म्हणून वर-खाली गोल रेघा! म्हटलं, पट्टी डोळ्यासमोर आडवी धरा. एवढ्या लांबून बुरुजाची पाण्यालगतची कड जवळजवळ सरळच दिसते. गोलाई रेषेत नाही, छायेत आहे. उन्हाची बाजू कोरडी ठेवा, मग अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना तपकिरी मिसळून केलेला राखाडी ओला असतानाच कडेकडे ओढा. तयार काळा रंग नको, दगड मरतो.

क्षितिजाचीही तीच गत. बहुतेकांनी ते किल्ल्याच्या पायाशी टेकवलं होतं. एकाला उभं केलं, मग खाली बसवलं. उभा राहिला की मागची समुद्राची रेघ तटावर वर सरकायची, बसला की खाली. 'सर, समुद्र हलतोय!' म्हणाला. एकाने महादरवाजा अगदी कमानीसकट काढला होता, मोबाईलमध्ये बघून. तो दरवाजा बुरुजांआड असा दडलाय की होडी पार जवळ गेल्याशिवाय कळत नाही. खोडायला लावला.

पाण्याचं मात्र सांगून समजत नाही. काळ्या तटाचं प्रतिबिंब तटाहून थोडं उजळ पडतं, आणि लाटांनी उभं लांबतं. चपटा ब्रश, एकदाच ओढायचा. दुसऱ्यांदा फिरवला की गढूळ. खारी दमट हवा असल्याने वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, वाळतच नव्हता, त्यामुळे निम्म्यांनी ब्रश पुन्हा फिरवलाच.

अकरापर्यंत पाणी बरंच उतरलं. तटाखाली खडकांचा ओला, काळपट पट्टा उघडा पडला. मुलं पाणरेषा खाली सरकवत बसली. मी ऐटीत सांगितलं, सकाळीच पेन्सिलने ठरवलेली रेषा सोडायची नाही.

ऊन डोक्यावरून पलीकडे गेलं, समोरचा तट सावलीत गेला. ती सावली इतकी देखणी होती की मी माझ्या चित्रात भरून टाकली. शिडाची होडी लावून एक नावाडी मागे येऊन उभा राहिला. बराच वेळ बघून म्हणाला, "भरती सकालची आणि सावली दुपारची? असा जंजिरा आमी कदी बगितला नाय."

मुलं हसली. मी बोर्ड उलटा ठेवला.